क्रूझची केबिन आणि डेकवरचा कबाना: कुटुंबासाठी निवड कशी करावी

क्रूझ ठरली की घरात पहिला प्रश्न येतो, "बाल्कनी आहे ना?" हा प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकावर विचारायचा असतो. चार माणसांच्या केबिनमध्ये रात्री सोफा उघडून त्याचा पलंग केला, की बऱ्याच जहाजांवर बाल्कनीच्या दाराकडे जायला वीतभर जागा उरते. म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे मोजले, तिथे पहाटे जायचं तर झोपलेल्या पोराला ओलांडून जावं लागतं.

उदाहरणासाठी एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू. आजी-आजोबा भारतातून अमेरिकेत मुलाकडे आलेत. मुलगा, सून, अकरा वर्षांची नात आणि अडीच वर्षांचा नातू. फ्लोरिडाहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ. सिंगापूरहून तीन-चार रात्रींची घेतली तरी हिशेब हाच.

१. आधी माणसं पलंगांवर वाटा

साध्या केबिनमध्ये खाली दोन सिंगल पलंग असतात. ते जोडून डबल करता येतात किंवा वेगळे ठेवता येतात. तिसरं आणि चौथं माणूस सोफा-बेडवर किंवा पुलमनवर झोपतं. पुलमन म्हणजे छतातून किंवा भिंतीतून खाली येणारा, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा पलंग. त्यावर शिडीने चढायचं. बऱ्याच कंपन्या सहा वर्षांखालच्या मुलाला तिथे झोपवू नका असं सांगतात. आपल्या उदाहरणात नात वर जाईल, नातू जाणार नाही. त्याच्यासाठी घडीचा पाळणा मागवा. तो सहसा मोफत मिळतो, पण बुकिंगच्या वेळीच नोंद करा. जहाजावर चढल्यावर मागितला तर संपलेला असू शकतो.

पाळण्याला जमीन लागते, हे मात्र लोक विसरतात. आतली, म्हणजे बिनखिडकीची, केबिन साधारण १५० ते १८० चौरस फुटांची असते. त्यात डबल पलंग, उघडलेला सोफा आणि पाळणा मांडला की चालायला जागा राहत नाही. बॅगा मात्र पलंगाखाली जातात, त्यामुळे त्यांची काळजी नको.

वेबसाइटवर "चार जणांची केबिन शिल्लक नाही" असं दिसतं आणि त्याच डेकवर दोघांच्या केबिन्स भरपूर रिकाम्या असतात. ही विक्रीची चलाखी नव्हे. प्रत्येक केबिन एका ठरावीक मस्टर स्टेशनला, म्हणजे संकटकाळी जमायच्या जागेला, आणि तिथल्या लाइफबोटींना जोडलेली असते. त्या भागातल्या बोटींची माणसं भरली, की केबिनमध्ये पलंग असूनही तिसरं-चौथं माणूस घेता येत नाही. तिघा-चौघांच्या केबिन्स म्हणूनच लवकर संपतात. मे महिना, दिवाळी किंवा अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्ट्यांत जायचं असेल तर आठ-दहा महिने आधी बघायला लागा.

२. दोन केबिन्स कशा घ्यायच्या

सहा जणांसाठी दोन केबिन्स लागतीलच. चौघंच असलात तरी, परवडत असेल तर एका बाल्कनी केबिनऐवजी दोन आतल्या केबिन्स घ्या, कारण दोन केबिन्स म्हणजे दोन बाथरूम. सकाळी बंदरावर उतरायच्या दिवशी याची किंमत कळते. डिस्नेच्या जहाजांवर बऱ्याच केबिन्समध्ये बाथरूमचे दोन भाग असतात, एकात टॉयलेट नि बेसिन, दुसऱ्यात टब किंवा शॉवर नि बेसिन. तिथे चौघांचं एकात भागतं.

दोन केबिन्स तीन तऱ्हांनी मिळतात.

कनेक्टिंग: मधे आतून उघडणारं दार असतं. लहान मुलं असतील तर हेच बघा. पण ओळखीच्या माणसांनी दोन्ही घेतल्या तरच त्यांचा उपयोग. फक्त एक घेतली तर मधल्या दाराच्या फटीतून शेजाऱ्यांचा टीव्ही आणि भांडणं दोन्ही ऐकू येतात. एजंटने "कनेक्टिंग देतो" म्हटलं की दोन्ही केबिन नंबर लेखी घ्या. "ॲडजॉइनिंग" हा शब्द काही जण नुसत्या शेजारच्या केबिनसाठी वापरतात, आणि तिथे मधे दार नसतं.

शेजारच्या बाल्कनी केबिन्स: पुष्कळ जहाजांवर दोन बाल्कन्यांमधली आडभिंत केबिन सांभाळणारा स्टुअर्ड किल्लीने उघडून देतो. मग एक लांब बाल्कनी होते. सगळीकडे ही सोय नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

समोरासमोर: आजी-आजोबांना बाल्कनी, आणि कॉरिडॉरच्या पलीकडे अगदी समोर आई-बाबा व मुलं आतल्या केबिनमध्ये. खर्च कमी होतो, आजोबांच्या बाल्कनीत सगळ्यांचा चहा होतो आणि मुलं अंधाऱ्या केबिनमध्ये ढाराढूर झोपतात. तीन पिढ्यांसाठी ही रचना सगळ्यांत चांगली.

बुकिंग करताना एक अडचण येते. मुलांच्या केबिनमध्ये कागदावर एक मोठं माणूस असावं अशी बहुतेक कंपन्यांची अट असते. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर हे वय पुष्कळदा २१ धरतात. कागदावर तसं वाटप करा. चढल्यावर स्वागत कक्षात जाऊन जादा किल्ल्या मागा आणि हवं तसं झोपा. मात्र संकटाच्या वेळी कोण कुठे जमणार हे कागदावरच्या केबिनप्रमाणे ठरतं, हे मुलांनाही सांगून ठेवा.

३. डेक प्लॅन वाचा: वर काय, खाली काय

डेक प्लॅन म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा, तो कंपनीच्या साइटवर मिळतो. तुमच्या केबिनवर बोट ठेवा, मग वरच्या आणि खालच्या डेकच्या नकाशात तीच जागा शोधा. हे पाच मिनिटांचं काम न केल्याने अख्ख्या सहलीची झोप जाते.

वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे पाच-सहाला खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर. वर बुफे असेल तर ट्रॉल्यांची घरघर. खाली थिएटर किंवा नाइटक्लब असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचा ठोका, तो गादीतून जाणवतो. नकाशावर जिथे काहीच लिहिलेलं नाही, नुसती पांढरी किंवा करडी जागा आहे, तिथे सहसा स्वयंपाकघर, कोठार किंवा कर्मचाऱ्यांच्या वाटा असतात. तीही वर-खाली नको.

जहाजाच्या पुढच्या टोकाला खालच्या डेकवर बो-थ्रस्टर असतात, बंदराला लागताना जहाज आडवं सरकवणारे पंखे. जहाज बहुधा पहाटे लागतं, तेव्हा त्या केबिन्स थरथरतात. जिथे धक्का नाही आणि छोट्या बोटीने किनाऱ्याला जायचं असतं, तिथे नांगराच्या साखळीचा खडखडाट याच भागात. मागच्या टोकाला खालच्या डेकवर इंजिनाची थरथर असते.

मग घ्यायची कुठली? जिच्या वरही केबिन्स आणि खालीही केबिन्स, अशी. लिफ्टपासून पाच-सहा दारं आत. लिफ्टच्या अगदी समोरची नको, रात्री गप्पा मारत परतणारे सगळे तिथेच थांबतात.

नकाशावरच्या खुणांची सूची प्रत्येक कंपनीची वेगळी असते. एकीकडे त्रिकोण म्हणजे सोफा-बेड, तर दुसरीकडे तोच तिसऱ्या माणसाची सोय दाखवतो. सूची वाचल्याशिवाय नंबर पक्का करू नका.

४. बोट लागणाऱ्यांसाठी

जहाज दोन तऱ्हांनी हलतं. पुढचं टोक वर-खाली होतं तेव्हा झोपाळ्यासारखी दोन्ही टोकं जास्त हलतात आणि मधला भाग कमी. डावी-उजवीकडे डुलतं तेव्हा जितकं उंच जाल तितका हेलकावा मोठा. म्हणून बोट लागणाऱ्यांसाठी जागा एकच: मधला भाग, खालचे डेक. जहाजाच्या बाजूंना असलेले स्टॅबिलायझर डुलणं कमी करतात, पुढे-मागे होणारी उसळी त्यांना थांबवता येत नाही.

ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा. बी.पी.च्या नि इतर गोळ्या चालू असलेल्या आजी-आजोबांसाठी तर विचाराच. मळमळायला लागल्यावर गोळीचा फारसा उपयोग होत नाही, ती आधी घ्यायची असते. खिडकी असली तर क्षितिजाकडे बघून बरं वाटतं, त्यामुळे या एका कारणासाठी आतल्या केबिनपेक्षा ओशन व्ह्यू, म्हणजे समुद्राकडे खिडकी असलेली केबिन, बरी.

५. खिडकी आणि बाल्कनी

आतली केबिन म्हणजे खिडकी नाही, पूर्ण अंधार. ओशन व्ह्यूची काच उघडत नाही. "ऑब्स्ट्रक्टेड" लिहिलं असेल तर समोर बहुधा लाइफबोट आहे. कधी फक्त खालचा भाग झाकलेला असतो, तेव्हा ती स्वस्तात उत्तम. कधी मात्र खिडकीभर केशरी बोटच दिसते. रॉयल कॅरिबियनच्या ओॲसिस श्रेणीच्या जहाजांवर आतल्या बाजूला, बागेकडे किंवा बोर्डवॉककडे, म्हणजे जहाजातल्या दुकानं-खेळांच्या मोकळ्या रस्त्याकडे, तोंड केलेल्या बाल्कन्याही आहेत. "बाल्कनी" एवढंच वाचून समुद्र गृहीत धरू नका.

लहान मूल असेल तर बाल्कनीचा विचार दोनदा करा. अमेरिकेच्या २०१० च्या क्रूझ सुरक्षा कायद्यानुसार कठडा किमान ४२ इंच हवा. अडीच वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून तो जातो, पण मूल खुर्चीवर चढलं की हिशेब बदलतो. पहिल्याच दिवशी खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून दूर, काचेच्या दाराला लावून ठेवा, दाराची वरची कडी नेहमी लावलेली असू द्या. बहुतेक दारांना ती असते. नसेल तर बाल्कनी आजी-आजोबांच्या केबिनला आणि नातू समोरच्या केबिनमध्ये, ही वरची रचना इथेही कामी येते.

६. आजी-आजोबांच्या केबिनसाठी

मोठी जहाजं ३०० मीटरच्या पुढे असतात. आयकॉन ऑफ द सीज तर ३६५ मीटर. एका टोकाच्या केबिनपासून दुसऱ्या टोकाच्या जेवणघरात जाऊन परत यायचं म्हणजे अर्धा किलोमीटरहून जास्त चालणं, तेही दिवसातून तीनदा. गुडघे दुखत असतील तर मधल्या लिफ्टच्या जवळचीच केबिन घ्या.

साध्या केबिनच्या बाथरूमला उंबरा असतो. रात्री झोपेत पाय अडकण्याची जागा हीच, तिथे छोटा बॅटरीवरचा दिवा ठेवा. शॉवर अरुंद असतो आणि पडदा अंगाला चिकटतो. साध्या केबिनचं दार साधारण २२-२३ इंच रुंद असतं, त्यातून घडी न केलेली व्हीलचेअर जात नाही. खुर्चीवरच फिरणारं माणूस असेल तर ॲक्सेसिबल केबिन मागा: दार रुंद, उंबरा नाही, शॉवरमध्ये बसायची सोय. त्या मोजक्याच असतात आणि गरजेचा फॉर्म भरून द्यावा लागतो.

७. पैशाचा खरा आकडा

जाहिरातीतला दर एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी असतो. तिसरं-चौथं माणूस स्वस्तात, कधी "मोफत", पण कर आणि बंदर-शुल्क प्रत्येकाला पूर्ण. एकट्या माणसाने केबिन घेतली तर जवळजवळ दोघांचे पैसे. शिवाय ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर, बहुतेकदा लहान मुलांनाही धरून. १८ डॉलर धरले तर सहा माणसं, सात रात्री: ७५६ डॉलर. हा आकडा आधीच बाजूला काढा.

"गॅरंटी" केबिन म्हणजे प्रकार तुम्ही निवडायचा, नंबर कंपनी देणार. दोघंच असाल तर पैसे वाचवा. कुटुंबाने घेऊ नये. एक केबिन डेक ३ वर पुढे आणि दुसरी डेक १० वर मागे मिळाली तर तक्रारीला जागा नसते.

८. कबाना: घ्यावा का, कुठला?

कबाना म्हणजे डेकवर किंवा क्रूझ कंपनीच्या स्वतःच्या बेटावर दिवसाच्या भाड्याने मिळणारा सावलीचा मांडव: गादीच्या खुर्च्या, पडदे, पाणी-फळं, कधी पंखा आणि वेटर. जहाजावरच्याचं भाडं साधारण शंभर-दीडशे डॉलरपासून सुरू होतं. बेटावरचा काहीशे डॉलरचा असतो, काही तर हजाराच्या पुढे जातात. भाडं कबान्याचं असतं, माणसांचं नव्हे, पण किती माणसं चालतील याला मर्यादा असते. आपल्यासारख्या सहा जणांसाठी ती नेमकी बघा.

डेकवरच्या कबान्याचे तीन सापळे आहेत.

पहिला वारा. जहाज १८-२० नॉटने, म्हणजे ताशी ३३ ते ३७ किलोमीटरने चालतं. हवा स्थिर असली तरी वरच्या डेकवर तेवढा वारा समोरून येतो. पडदे बांधून ठेवावे लागतात, आणि पडद्याविना कबाना म्हणजे महागडी खुर्ची. पुढच्या टोकाकडचा घेऊ नका, काचेच्या आडोशाचा मागा.

दुसरा वयाची अट. प्रिन्सेस या क्रूझ कंपनीचं "द सँक्च्युअरी" १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, इतर कंपन्यांचेही शांत कोपरे असेच असतात. नातवंडं घेऊन जाता येणार नाही. आजी-आजोबांना अर्धा दिवस हवा असेल तर तिथे त्यांच्यापुरत्या दोन खुर्च्या घ्या, कबाना नको.

तिसरा डायपर. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या जहाज-स्वच्छता नियमांमुळे, ज्या मुलाची डायपर सुटलेली नाही त्याला पूलमध्ये उतरता येत नाही, स्विम डायपर घातली तरीही. त्यांच्यासाठी वेगळी कारंज्यांची जागा असते, तीही प्रत्येक जहाजावर नसते. मोठ्या पूलच्या काठावर महागडा कबाना घेऊन अडीच वर्षांच्या नातवाला दिवसभर पाण्यापासून ओढत बसायचं, हा व्यवहार तोट्याचा. त्या कारंज्याजवळ सावली मिळते का ते बघा.

आमचं मत असं: डेकवरचा कबाना सहसा सोडा, बेटावरचा विचारात घ्या. बेटावर सहा ते आठ तास काढायचे असतात, उन्हाला पर्याय नसतो, आजी-आजोबांना वाळूत बसवत नाही आणि नातवाला दुपारची झोप लागतेच. डेकवर मात्र ऊन झालं की केबिन दोन मिनिटांवर असते. घ्यायचाच तर समुद्रात असण्याच्या दिवशी घ्या. बंदराच्या दिवशी अर्धं जहाज रिकामं असतं आणि सावलीतल्या खुर्च्या फुकट मिळतात. टॉवेल टाकून खुर्ची अडवण्याचा घरगुती उपाय चालत नाही. बऱ्याच जहाजांवर ३०-४० मिनिटांनी कर्मचारी टॉवेल उचलतात.

बुकिंगआधी विचारायचं:
- छप्पर पक्कं की कापडी? दिशा बदलली की ऊन आत येईल का?
- सर्वांत जवळचं टॉयलेट किती पावलांवर? धूम्रपानाची जागा, सिनेमाचा मोठा पडदा आणि धुरांडं कुठे?
- बेटावर जहाज लागलंच नाही तर पैसे परत मिळतील ना? डेकवर वाऱ्याने बंद केला तर?
- खाण्यापिण्यावर वेगळं सेवाशुल्क आहे का?

बेटावरचे कबाने आधी महागडे स्वीट, म्हणजे मोठ्या ऐषारामी केबिन्स, घेणाऱ्यांना आणि जुन्या प्रवाशांना उघडतात. डिस्नेवर पहिल्यांदा जाणाऱ्याला ७५ दिवस आधी बुकिंग करता येतं, तेही क्रूझचे पूर्ण पैसे भरले असतील तरच. तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या दिवशी उघडताक्षणी बघा. नाहीच मिळाला तर बेटावर उतरल्या-उतरल्या रद्द झालेल्यांची चौकशी करा.

९. कागदपत्रं आणि सामान

- पासपोर्ट, परतीनंतर किमान सहा महिने वैध.
- व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा. अमेरिकेहून किंवा सिंगापूरहून निघून तिथेच परतणं हा नवा प्रवेश धरला जातो. वाटेतल्या प्रत्येक बंदराची अट वेगळी तपासा, उतरायचं नसलं तरी. एच-१बीवाल्यांचा पासपोर्टवरचा स्टँप संपला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय बुकिंग करू नका.
- नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर. आजींच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, कुणाचं आडनावाचं घर रिकामं, कुणाच्या नावात वडिलांचं नाव जोडलेलं, या आपल्याकडच्या नेहमीच्या गोष्टी. एजंटला नाव तोंडी सांगू नका, पासपोर्टचा फोटो पाठवा.
- मूल एकाच पालकाबरोबर किंवा फक्त आजी-आजोबांबरोबर असेल तर नोटरी केलेलं संमतिपत्र.
- आजारपण आणि जहाजावरून हलवण्याचा खर्च धरणारा विमा.
- बहुतेक जहाजांवर बाळ किमान सहा महिन्यांचं हवं, लांब सागरी टप्प्यांच्या क्रूझवर बारा. गर्भवतीला प्रवासाच्या शेवटपर्यंत २४ आठवडे पूर्ण होत असतील तर बहुतेक मोठ्या कंपन्या घेत नाहीत.

इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, छोटा कुकर घेऊ नका. तापणारी वस्तू म्हणजे आगीचा धोका, त्या तपासणीत काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टर असलेलं एक्स्टेंशनही चालत नाही, जहाजाच्या वीजरचनेत ते तापून पेटू शकतं. काही कंपन्यांनी साधं एक्स्टेंशनही बंद केलंय, त्याऐवजी अनेक पोर्टचा यूएसबी चार्जर घ्या. घरचे लाडू-चिवडा जप्त होऊ शकतात, सीलबंद पाकिटं सहसा चालतात. भिंती बहुधा लोखंडी असतात, चुंबकाचे सहा-आठ हुक घ्या. ओले कपडे, टोप्या, आजोबांची पिशवी, सगळं भिंतीवर जातं.

१०. चढल्यावरचा पहिला तास

बुफेकडे धावण्याआधी केबिन बघा. मधलं दार उघडतं का? पाळणा आलाय का? सोफा उघडून पाहा, त्याची गादी पातळ असेल तर स्टुअर्डकडून जादा रजई मागून खाली अंथरा. ए.सी., फ्लश, तिजोरी तपासा. काही बिघाड असेल तर स्वागत कक्षात लगेच जा. जहाज भरलेलं असलं तरी पहिल्या दिवशी न आलेल्या प्रवाशांच्या एक-दोन केबिन्स मोकळ्या असू शकतात. दुसऱ्या दिवशी त्या गेलेल्या असतात.

मग सगळ्यांनी मिळून मस्टर स्टेशनपर्यंत एकदा चालून या, जिन्याने. आणि मुलांसाठी दारावर एक ओळखीचा चुंबक लावा, कारण कॉरिडॉरमधली शंभर दारं हुबेहूब एकसारखी दिसतात आणि लिफ्टमधून बाहेर पडल्यावर पुढे कुठलं, मागे कुठलं हे मोठ्यांनाही कळत नाही. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीच्या काही जहाजांवर त्यासाठी कॉरिडॉरच्या गालिच्यात मासे विणलेत. ते सगळे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे पोहत असतात. नातवाला एवढं सांगितलं की आजीला केबिनपर्यंत तोच घेऊन जातो.